कमरेखालची ताकद गेल्यावर माणूस परत उभारी कशाने धरतो?

देवचाफा | २४ मे

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय घरचा आहे आणि लांबणार आहे, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय २९. राजापूर तालुक्यात आमचं घर आणि हापूसची थोडी कलमं आहेत. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आंबे काढताना फांदी मोडली आणि तो पाठीवर पडला, खाली चिऱ्याचा गडगा होता. डी-१२ मणका (पाठीचा, छातीमागचा शेवटचा) फुटला, मज्जारज्जूला पूर्ण इजा. मुंबईत सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, रॉड-स्क्रू टाकलेत. हात, छाती सगळं एकदम ठणठणीत, पण कमरेखाली काहीच नाही, संवेदना पण नाही आणि लघवी-संडासचा कंट्रोल पण गेलेला.

आता वर्ष होऊन गेलं. शरीराने तसा तो स्थिर आहे, बेडसोअर नाही, आई डोळ्यात तेल घालून बघते. प्रॉब्लेम वेगळाच आहे. तो बोलत नाही. माजघरात कॉट टाकलीय त्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, मोबाईल पण बघत नाही फारसा. व्हीलचेअर आणलीय ती कोपऱ्यात पडून आहे, म्हणतो मला खुर्ची नको, त्यात बसलो की मान्य केल्यासारखं होईल. घरी येणारा प्रत्येक जण सांगतो की चालशील रे पुढच्या गणपतीपर्यंत, कोण म्हणतं अमुक वैद्य आहेत, कोण म्हणतं स्टेमसेल (मूळपेशींचे उपचार) करा दिल्लीला. बाबा जमिनीचा तुकडा विकायच्या गोष्टी करतात. परवा रात्री मी डोंबिवलीहून फोन केला तर आईला म्हणाला, तायडीला सांग मला कशाला वाचवलंत. त्यानंतर मला झोप नाहीये.

मला योजनांची यादी नकोय (ती पण द्या, लागेलच), पण खरं विचारायचंय ते हे की ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या घरात असं काही गुदरलंय त्यांनी सांगा, माणूस परत जगण्याकडे वळतो तो कशाने वळतो? सुरुवात कुठून होते?

सकाळचं ऊन | २४ मे

ताई, धीर सोडू नका. अरुणिमा सिन्हाला २०११ मध्ये चालत्या ट्रेनमधून ढकललं, पाय गेला, आणि २०१३ मध्ये तिने कृत्रिम पायाने एव्हरेस्ट सर केलं. तुमच्या भावाला असे व्हिडिओ दाखवा, रोज एक. मनात आणलं तर माणूस काहीही करू शकतो. आमच्या सगळ्यांच्या शुभेच्छा आहेत त्याच्या पाठीशी.

फिजिओ मीरा | २४ मे

देवचाफा, बाकी सगळं नंतर, आधी शेवटच्या ओळीबद्दल. "कशाला वाचवलंत" हे हलक्यात घेऊ नका. घाबरून विषय टाळूही नका, त्याला सरळ विचारा की तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का. असं विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो असाच अनुभव आहे. बागायतदाराचं घर आहे म्हणजे फवारणीची औषधं घरात असणार, ती आजच त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी कुलपात ठेवा, झोपेच्या आणि दुखण्याच्या गोळ्या पण आईच्या ताब्यात. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, घरच्यांनी केला तरी चालतो. आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो तिथे एकदा दाखवाच. मज्जारज्जूच्या इजेनंतर डिप्रेशन येणं फार कॉमन आहे आणि त्याला औषध आहे, ते घेणं म्हणजे मन कमकुवत असणं नव्हे.

दुसरं स्टेमसेलचं. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मणक्याच्या इजेला स्टेमसेल हा मान्य उपचार नाही, फक्त परवानगी घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्ये देता येतो आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणजे जो लाखांचं कोटेशन देतोय त्याला जमीन विकून पैसे देऊ नका, हात जोडून सांगते. कम्प्लीट इन्ज्युरीत जी काही सुधारणा व्हायची असते त्यातली बरीचशी पहिल्या सहा-नऊ महिन्यांत होते, नंतर हळूहळू कमी होत जाते. डी-१२ म्हणजे हात, छाती, पोटाचे बहुतेक स्नायू शाबूत. हा माणूस स्वतः खुर्चीत बसू शकतो, अंघोळ करू शकतो, कपडे घालू शकतो, गाडी चालवू शकतो, कमवू शकतो. हे त्याला कोणी सांगितलंय का? की फक्त चालशील एवढंच सांगितलंय?

देवचाफा | २५ मे

मीराताई, रात्रीच बाबांना फोन करून औषधं कुलपात ठेवायला लावली. विचारलं पण त्याला, फोनवर. बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला येतात विचार, पण करणार नाही काही, आईकडे बघून. आणि मग रडला, वर्षात पहिल्यांदाच. पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला दाखवायला नेतोय.

आणि नाही, तो काय काय करू शकेल हे कोणीच नाही सांगितलं. डिस्चार्जला सांगितलं की फिजिओ करा आणि दोन महिन्यांनी दाखवा. बस.

चाकांवरून | २५ मे

देवचाफा ताई, मी तुमच्या भावाच्या जागेवर होतो. कोल्हापूर जिल्हा, बाईकचा अपघात, एल-१ म्हणजे कमरेचा पहिला मणका, तेव्हा मी पंचवीशीत होतो, आता चाळिशी ओलांडली. त्यामुळे थोडं मोकळेपणाने लिहितो.

सकाळचं ऊन, तुमच्या मनात चांगलंच आहे, पण एक सांगतो, रागावू नका. पहिल्या वर्षात मला पण लोक असे व्हिडिओ दाखवायचे आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की आता माझ्याकडून एव्हरेस्टच्या खालचं काही चालणारच नाही, आणि मला तर कॉटवरून खुर्चीत जाता येत नव्हतं, लघवीची पिशवी गच्च भरली तरी कळत नव्हतं. मोठी गोष्ट ऐकायची ताकद नंतर येते. आधी पाहिजे असतो आपल्यासारखा साधा माणूस, जो खुर्चीत बसून डबा घेऊन कामाला जातो. असा एक माणूस मला हॉस्पिटलच्या ओपीडीत भेटला, त्याने मला कॅथेटर (लघवीची नळी) कसा टाकायचा ते स्वतःचा दाखवून शिकवलं आणि म्हणाला लग्न झालंय माझं, मुलगी तिसरीत आहे. त्या अर्ध्या तासाने जे केलं ते बाकी कशाने नाही झालं.

चालशीलबद्दल. हा शब्द माझ्या घरात पण दोन वर्षं फिरत होता. त्याचा परिणाम काय होतो सांगू, माणूस जगणं पुढे ढकलतो. चालायला लागलो की दुकान बघू, चालायला लागलो की मित्रांना भेटू. खुर्चीत बसणं म्हणजे हरणं असं डोक्यात बसतं. तुमचा भाऊ "मान्य केल्यासारखं होईल" म्हणतोय ना, अगदी तेच. माझ्या आजोबांनी ते तोडलं. त्यांचं पतसंस्थेचं काम असायचं, डोळ्याला दिसेनासं झालं होतं, एक दिवस वही माझ्या कॉटवर आणून टाकली आणि म्हणाले माझी बेरीज लागत नाही, बघ जरा, संध्याकाळपर्यंत पाहिजे. दया नाही, धीर नाही, काही नाही. बेरीज पाहिजे. मी चिडलो आणि मग केली. दुसऱ्या दिवशी परत वही. चौथ्या-पाचव्या वहीला मी म्हणालो झोपून लिहिता येत नाही, मला खुर्चीत बसवा.

माझं मत विचाराल तर माणूस वळतो तो इथे. कोणाचं तरी काम आपल्यावाचून अडलंय, आणि खरोखर अडलंय, मन रमवायला दिलेलं नाही. अपंगाला सगळे द्यायला येतात, मागायला कोणी येत नाही. तुमच्या भावाकडे कोणी काही मागितलंय का गेल्या वर्षात?

आणि एक विचारतो, पडायच्या आधी तो हाताने काय चांगलं करायचा?

निशिगंधा ७ | २५ मे

चाकांवरून यांच्या पोस्टला शंभर मोदक.

मी पेशंटची बायको म्हणून लिहिते. नवरा टॉवरवर काम करायचा, पडला. आमच्याकडे सगळ्यात मोठी गोष्ट कुठली ठरली माहितीय का, लघवी आणि संडास. हसू नका कोणी. जोपर्यंत कायमची नळी आणि पिशवी होती आणि कधी कपडे खराब होतील याचा नेम नव्हता तोपर्यंत तो माणसात यायलाच तयार नव्हता, आणि आम्ही समजत होतो की तो निराश आहे म्हणून बाहेर येत नाही. मग एका नर्सने दर चार ते सहा तासांनी स्वतः नळी टाकून लघवी काढायला शिकवलं, हात स्वच्छ धुवायचे, पाणी किती कधी प्यायचं त्याचं वेळापत्रक, आणि संडासला रोज सकाळी एकाच वेळी नाश्त्यानंतर बसवायचं. महिन्याभरात शरीराला सवय झाली. ज्या दिवशी त्याला खात्री पटली की चार तास काही होणार नाही त्या दिवशी तो स्वतःहून म्हणाला चल बाजारात जाऊ. आशा बिशा सगळं खरं पण माणसाला आधी लाज झाकायला मिळाली पाहिजे.

तुमच्या भावाला पिशवी आहे का अजून?

देवचाफा | २६ मे

हो पिशवी आहे. वर्षभर तीच. इन्फेक्शन पण दोनदा होऊन गेलं.

चाकांवरून दादा, तुमची पोस्ट मी आईला फोनवर वाचून दाखवली, ती काहीच बोलली नाही, मग म्हणाली खरं आहे, पाण्याचा तांब्या पण आपण त्याच्या तोंडाशी नेतो.

हाताने काय करायचा विचारलंत, तो कलमं बांधायचा. दापोलीला विद्यापीठात ट्रेनिंग घेतलं होतं, पावसाळ्यात आसपासच्या नर्सरीवाले त्याला बोलवायचे, हात फार साफ आहे त्याचा. पण ते आता कसं जमणार, वाकून उकिडवं बसून करायचं काम ते.

कलमवाला | २६ मे

ताई उकिडवं बसून कशाला?? कोय कलम टेबलावर होतं! मी लांजा भागात नर्सरी चालवतो, माझ्याकडे बायका ओळीने पाटावर बसून बांधतात पण ते सवयीने, कामाला पाय लागत नाहीत. कोयी रुजवल्या की दहा-पंधरा दिवसांचं रोप, पानं अजून तांबूस असतात तेव्हाच काढायचं कोयीसकट, शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, काडीला (म्हणजे चांगल्या झाडाच्या फांदीच्या तुकड्याला) पाचरीसारखा दोन्ही बाजूंनी तास मारायचा, बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. सगळं काम दोन हात, एक धारदार चाकू आणि नजर. अवघड भाग पाचरीचाच, काडीचा काप एका झटक्यात आणि सपाट आला पाहिजे, दोनदा चाकू फिरवला की साल नीट भिडत नाही आणि कलम मरतं. असा हात असलेला माणूस मिळत नाही हो हल्ली, पोरं सगळी मुंबईला. आत्ता आंब्याचा सीझन संपत आलाय, कोयी गोळा करायची वेळ हीच. जून-जुलै-ऑगस्ट बांधणी. मला व्यनि (खाजगी निरोप) करा, मी राजापूरला येऊन बघतो. दया म्हणून नाही म्हणत, मला माणूस खरंच पाहिजे, दर कलमामागे जो रेट बाकीच्यांना तोच त्याला.

खडकीकर | २७ मे

निवृत्त फौजी आहे, पुण्यात राहतो. खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासून, मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी. तिथे माझं जाणं-येणं आहे. मानेखाली काही हलत नाही अशी मुलं तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात, बाकीचे व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात. ते फौजींसाठी आहे म्हणून तुमच्या भावाला दाखल करता येणार नाही, पण तिथलं एक गमक सांगतो. सकाळी ठरलेल्या वेळी उठायचं, दाढी करायची, कपडे घालायचे आणि खुर्चीत यायचं. मन असो नसो. दिवसाला आकार आला की मन मागून येतं.

गोष्टींबद्दल मात्र माझं थोडं वेगळं मत. योग्य वेळी गोष्ट लागते. मुरलीकांत पेटकर आपल्याच सांगलीतल्या पेठ इस्लामपूरचे. ईएमईमध्ये (लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागात) जवान, बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखाली पांगळे झाले. १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदात पोहून सुवर्ण, वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणारे पहिले भारतीय. पद्मश्री २०१८ ला मिळाली, म्हणजे ४६ वर्षांनी. मधली सगळी वर्षं काय केलं असेल? पुण्यात टेल्कोत नोकरी केली, संसार केला. मला पदकापेक्षा ही मधली वर्षं जास्त सांगावीशी वाटतात.

चाकांवरून | २७ मे

खडकीकर साहेब, तुमच्याशी सहमत, त्या मधल्या वर्षांसाठीच तर ही गोष्ट सांगायची. नसीमा हुरजूक यांचं पण तसंच. १६ व्या वर्षी पाय गेले, नंतर सेंट्रल एक्साइजमध्ये नोकरी केली, आणि १९८४ ला कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली. आमच्या भागात कित्येक मुलामुलींचं शिक्षण आणि काम त्यामुळे झालं. खुर्चीत बसलेली व्यक्ती समोर बसून आपल्याला कामाचं विचारतेय हे बघितलं की खुर्चीची भीती अर्धी जाते.

पॅरालिम्पिकचा विषय निघालाय तर त्याची सुरुवात पण याच आजारातून आहे. १९४४ ला इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरने मणक्याच्या पेशंटचा वॉर्ड सुरू केला. त्याआधी असे पेशंट बेडसोअर आणि लघवीच्या इन्फेक्शनने थोड्याच काळात दगावायचे, डॉक्टर लोकांनी सोडूनच दिलेलं असायचं. याने काय केलं, रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, प्लॅस्टरमधनं बाहेर काढलं, आणि जरा बरे झाले की सुतारकाम, घड्याळदुरुस्ती अशा कामाला लावलं. खेळ नंतर आले, २९ जुलै १९४८ ला तिरंदाजीची स्पर्धा घेतली १६ जणांची, त्याचंच पुढे पॅरालिम्पिक झालं. म्हणजे क्रम बघा. आधी कातडी आणि लघवी, मग काम, मग खेळ. निशिगंधा ताई म्हणतात तेच.

योजनांचं विचारलंत. मी महा-ई-सेवा केंद्र चालवतो म्हणून हे रोजचं आहे. सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), स्वावलंबन पोर्टलवर अर्ज आणि जिल्हा रुग्णालयात तपासणी, त्याच्याशिवाय पुढे काही हलत नाही. त्यावर एसटीला ७५ टक्के सवलत. संजय गांधी निराधारचा अर्ज तहसीलला, उत्पन्नाचा दाखला लागतो. आणि हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ग्रामसेवकाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सातबारावर घरातल्या कोणाचं नाव असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचं तालुका कृषी कार्यालयात विचारा, शेतकऱ्यासोबत कुटुंबातला एक सदस्य त्यात धरतात, झाडावरून पडणं बसतं, दोन अवयव निकामी झाले तर २ लाख आहेत. उशीर झालाय पण विचारा, मुदतीबद्दल काय सांगतात ते लेखी मागा. नुसतं तोंडी नाही म्हणाले तर परत येऊ नका.

सकाळचं ऊन | २८ मे

सगळं वाचलं. चाकांवरून, तुम्ही जे लिहिलंत ते मनाला लागलं, चांगल्या अर्थाने. माझ्या मामेभावाला पण स्ट्रोक आलाय, उद्या त्याच्याकडे जाणार होतो पुस्तकं घेऊन. आता त्याला विचारणार आहे की माझ्या मुलाची गणितं घेशील का, तो क्लास घ्यायचा आधी.

देवचाफा | १९ जून

अपडेट द्यायला उशीर झाला, मी रजा टाकून गावीच आहे.

रत्नागिरीला डॉक्टरांनी गोळी सुरू केलीय, झोप सुधारलीय. पिशवी काढली!! मीराताईंनी ओळखीच्या नर्सचा नंबर दिला होता त्यांनी दोन दिवस येऊन शिकवलं. पहिल्या दिवशी चिडला, बाबांना बाहेर काढलं, दुसऱ्या दिवशी स्वतः केलं.

आणि कलमवाले दादा येऊन गेले. मी आधीच सांगून ठेवलं होतं की गोड बोलू नका. ते ओटीवर बसले, चहा प्यायले, खिशातून चाकू आणि काड्यांची जुडी काढली आणि भावाला हाक मारली की ये रे बाहेर, बघ या काड्या, माझी पोरं म्हणतात कोवळ्या आहेत. तो आतूनच म्हणाला आणा इकडे. दादा म्हणाले मी नाही येत, माझे गुडघे दुखतात, तू ये. पाच मिनिटं काही नाही. मग आईला म्हणाला खुर्ची दे.

उंबऱ्याशी अडली खुर्ची. आमचा उंबरा चांगला वितीएवढा आहे. बाबा आणि दादांनी मिळून उचलली. काडी हातात घेतली, अंगठ्याच्या नखाने साल दाबून बघितली, पानांचे देठ बघितले आणि म्हणाला काड्या बरोबर आहेत, पानं छाटून आठवडा पण झाला नसेल, अजून दोन-तीन दिवस झाडावर ठेवायला हव्या होत्या, काडीचे डोळे (कोंब) फुगले नाहीत. एवढं सलग बोलताना मी त्याला वर्षभरात ऐकलं नव्हतं. मग पोळपाट मांडीवर घेऊन सहा-सात बांधली. पहिल्या दोन कापांना हात थरथरत होता, ती त्याने स्वतःच बाजूला टाकली.

उंबऱ्याचं काय करू? आणि पडवीतून खळ्यात जायला तीन पायऱ्या आहेत.

फिजिओ मीरा | १९ जून

किती बरं वाटलं वाचून. पण पोळपाट मांडीवर आणि हातात चाकू, हे ताबडतोब थांबवा! त्याला मांडीला संवेदना नाही. चाकू घसरून लागला तर त्याला कळणार पण नाही, रक्त बघूनच कळेल. तसंच गरम चहाचा कप, लॅपटॉप, काहीही मांडीवर नको. टेबलच पाहिजे. खुर्चीत चांगली कुशन, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं किंवा पुढे वाकून वजन हलवायचं, कामाच्या तंद्रीत हेच विसरतं. मोबाईलला गजर लावा. रोज रात्री आरशाने मागची कातडी बघायची, लाल डाग दिसला आणि दाबल्यावर गेला नाही तर दुसऱ्या दिवशी खुर्ची बंद. पावसात घाम आणि ओल राहते, तेव्हा जास्त जपा.

निशिगंधा ७ | २० जून

रॅम्पचा हिशोब सोपा आहे, एक इंच उंचीला बारा इंच लांबी. तीन पायऱ्या म्हणजे साधारण दीड फूट धरा, तर अठरा फूट होतो, जागा नसेल तर वळवून घ्या. कोकणात शेवाळ धरतं म्हणून वर खरबरीत पाहिजे, आम्ही कोबा करताना आडव्या रेघा मारून घेतल्या. दोन्ही बाजूला कड ठेवा, नाहीतर चाक उतरतं. उंबरा मात्र काढून टाका, सासूबाईंना आमच्याकडे ते पटत नव्हतं, शेवटी लाकडाचा सुटा उंबरा केला, सणाला लावतो.

देवचाफा | २ ऑगस्ट

मंडळी, मी डोंबिवलीला परत आलेय, त्यामुळे आता आईच्या फोनवरून कळतं तेवढं.

काम सुरू आहे. दादा रोपं आणि काड्या टेम्पोने पाठवतात, पडवीत बसून तो बांधतो, बाबा पिशव्या भरतात. पहिली खेप बरीचशी बुरशीने गेली, तेव्हा मला वाटलं आता हा परत भिंतीकडे वळणार. तर तो बाबांवर ओरडला की पिशव्या पागोळीखाली का ठेवल्यात, पाणी साचतंय. आई फोनवर रडत सांगत होती की ओरडला गं तो. दुसरी खेप लागलीय, तांबडे फुटवे आलेत, त्याने फोटो पाठवला, स्वतः काढलेला.

सगळं छान आहे असं नाही. दोन-तीन दिवस असे येतात की उठतच नाही, पायात गोळे येतात, कमरेखाली आग होते ती रात्रभर चालते. परवा गावात लग्न होतं तिथे नाही गेला. तो पडला त्या वेळी त्याचं स्वतःचं लग्न ठरत होतं, ते मोडलं, त्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही आणि मी विचारत नाही. चालशील म्हणणारे अजून येतात. आता तोच सांगतो की बघू, तोवर ती काडी द्या इकडे.

बाजूच्या वाडीतला बारावी झालेला एक मुलगा शिकायला येतो त्याच्याकडे. त्याला पाचर जमत नाही म्हणून हा त्याच्यावर वैतागतो.

चाकांवरून दादा, तो तुमचा नंबर मागतोय. गाडीचं विचारायचंय म्हणाला.

चाकांवरून | २ ऑगस्ट

व्यनि केलाय नंबर, कधीही फोन करू दे, रात्री नऊनंतर मी मोकळा असतो. गाडी म्हणजे साईड व्हीलवाली स्कूटर, गिअर नसलेली, मागे दोन जादा चाकं बसवून मिळतात, पण आरटीओत तशी नोंद करून घ्यायची आणि लायसन्स पण त्याच प्रकारचं काढायचं, नाहीतर अपघात झाला तर इन्शुरन्स हात वर करतं. मी माझी गाडी घेऊन दाखवायला येईन दिवाळीच्या आधी, कोल्हापूरहून राजापूर काय लांब नाही, अणुस्कुराने उतरतो. लग्नाचं पण बोलेन त्याच्याशी, त्याने विषय काढला तर. आग होते त्याला गोळ्या असतात, नसेचं दुखणं आहे ते, साध्या पेनकिलरने जात नाही, डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कलमवाला | ३ ऑगस्ट

टेबलाचं राहिलं होतं. सुताराला सांगून करून घेतोय, खालून गुडघ्यांना मोकळी जागा अठ्ठावीस इंच ठेवायला सांगितलीय, त्याच्या खुर्चीचे हात अडत असतील तर आजच मोजून कळवा, उद्या फळी कापणार. समोरच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी मारतोय म्हणजे चाकू घरंगळून मांडीवर पडायला नको. आणि ताई, त्याला म्हणावं त्या शिकाऊ पोराला पुढच्या हप्त्यात माझ्याकडे धाड, इकडे माणूस कमी आहे.